देशकरकाकांचं थँक्यू

आमचे शेजारी देशकरकाका देवाचे आभार मोठ्यानं मानतात. हात जोडून पुटपुटणं वगैरे नाही. इथे परदेशात बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला म्हणतात तसं खणखणीत. गॅरेजचं दार उघडलं, ‘थँक्यू, देवा!’ अर्ध्यात अडकलं, तरी ‘थँक्यू, देवा!’ रिचमंड हिलमधल्या आमच्या गल्लीत नवीन आलेल्या चिनी आजोबांना बरेच दिवस ‘देवा’ हे देशकरकाकूंचं नाव वाटत होतं. ते काकूंना अदबीनं ‘गुड मॉर्निंग, देवा’ म्हणत. काकूंनीही ते चालवून घेतलं.

काका निवृत्त इंजिनियर. नागपूर सोडून पन्नास वर्षं होत आली, पण बोली अजून तिथलीच. एका जानेवारीत, बाहेर उणे बावीस असताना, त्यांची घर तापवणारी फर्नेस बंद पडली. दोघं ब्लँकेटं पांघरून आमच्या दारात.

‘आभार मान बाप्पा देवाचे, फर्नेस गेली!’

‘यात आभार कसले, काका?’

‘अरे, नाही तर तुमच्याकडचं गरम पिठलं आम्हाला आज कोणी खाऊ घातलं असतं?’

माझी बायको मुग्धा मुकाट्यानं बेसन कालवायला गेली.

बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हाही तेच. कार्पेट नाही तरी बदलायचंच होतं म्हणे. काकू गुडघाभर वैतागून मॉप मारत होत्या. म्हणाल्या, ‘तुमच्या देवाला सांगा, आता पुसायलाही ये.’ काकांनी छताकडे बघून तो निरोपही पोचवला.

मागच्या नोव्हेंबरात माझी नोकरी गेली. बारा वर्षांची नोकरी, दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये संपली. ‘अप्लाय करतोय’ असं सांगून मी चार दिवस बेसमेंटमध्ये बसून होतो. मुग्धा जेवायला हाक मारी, मी वर जाऊन जेवत असे आणि न बोलता पुन्हा खाली. पाचव्या दिवशी सकाळी काका चिवड्याचा डबा घेऊन खाली आले.

‘हातपाय धड आहेत न? आभार मान देवाचे.’

माझं डोकंच फिरलं. ‘पुरे हो, काका! तुमचं काय गेलंय आजवर? एक फर्नेस आणि एक कार्पेट!’

काका जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. डबा मांडीवर ठेवला.

‘मुलगी गेली,’ ते म्हणाले. ‘नऊ दिवसांची होती. इथल्या पहिल्याच हिवाळ्यात.’

मला हे माहीत नव्हतं. गल्लीत कोणालाच नव्हतं.

‘मी देवाशी बोलणं टाकलं. ते टाकलं तसं तुझ्या काकूशी, सुमनशीही बोलणं गेलं. सात-आठ महिने. नवा देश, भारतात फोन लावणं परवडायचं नाही, घरात एकच माणूस, तेही मुकं. एक दिवस कामावरून आलो तर ती खिडकीतल्या कुंडीशी बोलून राहिली होती. मराठीत. भाजीला मीठ जास्त झालं, असं काहीतरी सांगत होती त्या झाडाला.’ ‘मी दारातूनच ओरडलो, थँक्यू देवा, हिला ठेवलंस! दचकली बिचारी. तेव्हापासून मोठ्यानंच म्हणतो. माझा आवाज ऐकू आला की तिला बरं वाटते.’

मी विचारलं, ‘आणि मुलगी गेली, त्याचेही आभार मानता?’

‘नाही. ते जमलं नाही कधी. देवालाही माहीत आहे ते.’ त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं. ‘त्या नऊ दिवसांचे मात्र मानतो.’

त्यांनी उपदेश केला नाही. डबा माझ्या हातात देऊन, कठड्याला धरून जिना चढले, दारात बूट घातले आणि गेले.

मी वर आलो तेव्हा मुग्धा ड्रायरमधून काढलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. एकटीच, एक टोक हनुवटीखाली धरून. मी जाऊन दुसरं टोक धरलं.

‘काय झालं?’ तिनं विचारलं.

‘काही नाही,’ म्हणालो, आणि चादरी संपल्या तरी बोलत राहिलो.