आईच्या वेळेची लाकडं

डुकराच्या बरगड्यांवर आतल्या बाजूने एक पातळ पापुद्रा असतो आणि तो काढल्याशिवाय मसाला मुरत नाही, हे ज्ञान महेशला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मोबाइलवरून झालं. तो पापुद्रा हातात येत नाही, सारखा निसटतो, हे मात्र मोबाइलने सांगितलं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी मखमलाबादच्या आपल्या घरामागे, हौदाच्या कठड्यावर बसून, जुन्या बनियनच्या चिंधीत धरून तो पापुद्रा ओढत होता. कंपनीतला दोस्त कुंदन शेजारी उभा राहून नवशिक्यांसाठीच्या सूचना वाचून दाखवत होता. बरगड्या त्यानेच ओळखीच्या दुकानातून आणल्या होत्या, त्यामुळे आपलं निम्मं काम झालं असं त्याचं मत होतं.

घरात मटणाला बंदी नव्हती, पण डुक्कर म्हणजे फारच झालं. सुवर्णाने नवऱ्याला तीन गोष्टी बजावल्या होत्या. माझी सुरी नाही, माझी भांडी नाहीत आणि आईंच्या कानावर जाता कामा नये. आई, म्हणजे अंबूबाई, घोटीला लेकीकडे नातवंडाच्या बारशाला गेल्या होत्या आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीने परत येणार होत्या. रविवारी दुपारी एक वाजता कंपनीतले चौघे जेवायला यायचे होते. तोवर सगळं आटोपून, बरगड्या शिजवायचं लोखंडी पिंप धुऊन, उदबत्ती लावून महेश साळसूद चेहऱ्याने आईला स्टँडवर आणायला जाणार होता. माणसाने बेत करावा तर असा, फक्त तो तडीस जायला हवा.

पुढची सूचना लाकडाची होती. धुरावर शिजवायचं तर लाकूड फळझाडाचं हवं, चांगलं वाळलेलं हवं. कुंदनने वाचता वाचता मान वर केली आणि गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली रचलेल्या लाकडांकडे पाहिलं. आंब्याची होती. खाली विटा, वर प्लॅस्टिकचा कागद. सात वर्षांपूर्वी बांधावरचा जुना आंबा वठला तेव्हा अंबूबाईंनी शेजारच्या हिरामणतात्यांकडून तो फोडून घेतला होता. दर वर्षी वैशाखात त्या सगळी लाकडं उन्हात काढत, झटकत आणि पुन्हा रचत. एकदा महेशने त्यातलं एक चुलीला घेतलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "ठेव ते खाली. ती माझ्या येळेला लागतील."

महेशने त्याचा अर्थ लावला, आंघोळीच्या वेळेला. आईला चुलीवरचंच पाणी लागतं, म्हातारं माणूस आहे, असू दे. गेली सात वर्षं आई गिझरच्या पाण्याने आंघोळ करत होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मुलांच्या लक्षात अशा गोष्टी येत नाहीत आणि आयांना त्या फोड करून सांगवत नाहीत.

"चार लाकडं घेऊ. आईला काय कळतंय," महेश म्हणाला.

तेवढ्यात कुंदनला आणखी एक सूचना सापडली. तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावेत. सांगणाऱ्याला बोटाएवढे तुकडे म्हणायचे असावेत. पण बोटाएवढा विचार करणं या दोघांच्या स्वभावात नव्हतं. कमी पडायला नकोत म्हणून त्यांनी निम्मी लाकडं उचलली आणि हौदात सोडली.

रविवारी सकाळी आठला पिंपाखाली जाळ करायचं ठरलं. ओली लाकडं काही पेटेनात. कागद झाले, गोवऱ्या झाल्या, सुवर्णाची जुनी मासिकं झाली. धूर मात्र असा निघाला की हौदही दिसेना. मग वाळलेल्या राहिलेल्या लाकडांतली चार घेतली. ती भडकन पेटली, बरगड्यांची एक बाजू काळी पडली. जाळ कमी करायला पाणी मारलं, सगळंच विझलं. पुन्हा चार घेतली. मोबाइलमध्ये म्हटलं होतं की झाकण उघडू नये, कारण प्रत्येक वेळी आच जाते. कुंदन दर दहा मिनिटांनी झाकण उघडून आच गेली का ते बघत होता. गेली की आणखी लाकूड घालत होता.

चौघे पाहुणे एकला आले आणि तीनपर्यंत डोळे पुसत बसले. मग मिसळ खाऊन येतो म्हणाले, ते आलेच नाहीत.

पाहुणे गेल्यावर हिरामणतात्या आले. सोमवारच्या बाजारासाठी तोडून ठेवलेल्या त्यांच्या शेवंतीला भाजल्या मांसाचा वास लागला होता. देवाला असली फुलं कोण वाहणार, असं ते तावातावाने विचारणार होते. पण त्यांची नजर पत्र्याखाली गेली. तिथे आता नुसत्या विटा होत्या.

"इथली लाकडं कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

महेशने पिंपाकडे बोट दाखवलं. बाकीची हौदात आहेत म्हणाला. काळजी नको, आईच्या आंघोळीला दुसरी आणून टाकतो, असंही म्हणाला.

तात्यांनी हौदात डोकावून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "येड्या, ती आंघोळीची नव्हती रे. तिच्या सरणाची होती."

कुंदनच्या हातातलं झाकण पिंपावर पडलं. त्यानंतर ते कुणीच उघडलं नाही.

तात्यांनी मग सगळं सांगितलं, आणि महेशला ते सांगायची गरज नव्हती, कारण तिथे तो स्वतःच होता. एकवीस वर्षांपूर्वी ऐन श्रावणात त्याचे वडील गेले. पाऊस थांबत नव्हता. मिळाली ती ओली लाकडं घेऊन लोक ओढ्याकाठी गेले आणि ती पेटेनात. शेवटी महेशने, बावीस वर्षांच्या लेकाने, स्वतःच्या हाताने बापावर डिझेल ओतलं होतं. बायका घरी होत्या, पण अंबूबाई या हौदाशी उभ्या राहून दुपारभर तो धूर बघत होत्या. पुढे बांधावरचा आंबा फोडून घेताना त्या तात्यांना म्हणाल्या होत्या की माझ्या पोराला हे पुन्हा करायला लागू नये.

महेशला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आईने लाकडं स्वतःसाठी जपली असती तर एक वेळ चाललं असतं. तिने ती त्याच्यासाठी जपली होती. त्याने मोटारसायकल काढली आणि मागे कुंदनला बसवून लाकडाच्या वखारी पालथ्या घातल्या. रविवार, दोन बंद. तिसरीत आंबा नव्हता, निलगिरी होती. ती रिक्षाटेंपोत घालून आणली, घाईघाईने विटांवर रचली, वर कागद ओढला. या गडबडीत आईला स्टँडवर आणायला जायचं राहूनच गेलं. त्या रिक्षाने आल्या.

पिशवी सुनेच्या हातात देऊन अंबूबाई पाय धुवायला मागे आल्या. हौदात तरंगणारी लाकडं त्यांना दिसली. त्या पत्र्याकडे गेल्या, कागद उचलला आणि एका लाकडाचा वास घेतला.

महेशने सगळं कबूल केलं. पाहुण्यांपासून सुरुवात केली, हिरामणतात्यांपाशी संपवलं. फक्त एका ठिकाणी त्याचा धीर सुटला आणि तो म्हणाला की बोकड होता.

"बोकडाला एवढ्या मोठ्या फासळ्या नसतात," अंबूबाई म्हणाल्या. पिंप अजून उघडलेलंही नव्हतं. बातमी त्यांना घोटीलाच कुणाकडून कळली होती, का सुवर्णाने फोन केला होता, ते समजलं नाही.

त्या पायरीवर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अन् भिजवली कशाला?"

"मोबाइलमध्ये तसं होतं."

"तुझ्या बापाच्या येळेला तरी पाऊस होता," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

नंतर त्यांनी हिरामणतात्यांना हाक मारली. भिजलेली महिन्याभरात वाळतील, पण जळालेली कुठून आणायची? विहिरीजवळचा आंबा तीन वर्षं मोहरला नाही, तो उद्या पाडा. ओलं लाकूड नीट वाळायला किती दिवस? तात्या म्हणाले, दोन उन्हाळे तर लागतीलच.

"मग दोन उन्हाळे मला थांबावंच लागंल," अंबूबाई म्हणाल्या, आणि वैतागून आत गेल्या.

पिंपातल्या बरगड्या चार तास कुणी हात न लावल्यामुळे उत्तम झाल्या होत्या. कुंदनने त्या गुपचूप डब्यात भरून नेल्या. महेशच्या तोंडात घास गेला नसता.

आंबा पाडला, फोडला, रचला. पहिला उन्हाळा गेला. दुसरा आला आणि संपत आला, तरी लाकडं वाळेनात. तात्या बुचकळ्यात पडले. अंबूबाई रोज एक लाकूड उचलून दुसऱ्यावर वाजवत आणि ठस्स आवाज आला की खाली ठेवत. एका सकाळी त्या नेहमीपेक्षा लवकर उठून मागे आल्या. कंपनीच्या कपड्यांतला महेश पत्र्यापाशी उभा होता, एका हातात प्लॅस्टिकचा कागद, दुसऱ्या हातात रिकामी बादली. 

"बेतानं घालत जा," अंबूबाई म्हणाल्या. "कुजली तर परत नवी तोडावी लागतील. परत दोन उन्हाळे."

महेशने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने दोन बादल्या ओतल्या.