मुनीरचाचांची कंपनी

आमच्या गल्लीत एखादी टीव्ही मालिका बिघडली की बायका थेट मुनीरचाचांच्या दारात जाऊन भांडतात. मालिकेतल्या सासूनं सुनेच्या खिरीत विष कालवलं, तेव्हा चाचांनी हात जोडून अख्ख्या गल्लीची माफी मागितली. "शेअरहोल्डर म्हनून मला बी पटलं नाय," म्हणाले.

चाचा चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. चाचींना मालिकांचं भारी वेड, म्हणून हौसेनं त्या चॅनलवाल्या बड्या कंपनीचे चिमूटभर शेअर घेतले. चाची गेल्या, शेअर राहिले. तेव्हापासून 'आपली कंपनी' हीच चाचांची जवळची नातेवाईक.

यंदा त्या कंपनीत भाऊबंदकी माजली. चेअरमन आणि त्याचा पुतण्या खुर्चीसाठी हमरीतुमरीवर आले, शेअर गाळात गेला, भागधारक खवळले. चेअरमनला ठेवायचं की काढायचं, यावर वार्षिक सभेत मतदान होतं. चाचांनाही बोलायची संधी मिळाली होती. ते आरशासमोर भाषण घोटत बसले. "बेटा, असा झापतो का नाय बघ! म्हनावं, कंपनी डुबवली, आता कुर्सी खाली करा."

सभा कॉम्प्युटरवर होती. लॅपटॉप माझा, घर त्यांचं. चाचा अत्तर लावून बसले.

"चाचा, वास तिकडं जात नाही."

"मला तर येतो ना!"

इतरांनी चेअरमनला धुऊन काढलं. मग चाचांचं नाव पुकारलं. चेअरमननं समोरच्या कागदावर नजर टाकली आणि हसून विचारलं, "मुनीरभाई, घुटना कैसा है अब?" मागच्या सभेत चाचांनी त्याला गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं होतं.

चाचा भाषण विसरून गुडघ्यावर हात फिरवू लागले. "अल्ला का शुक्र है साहब," एवढंच म्हणाले. मग लगेच, "आप मत जाइए." आणि मतही त्यालाच दिलं! मी कपाळावर हात मारला.

चेअरमन पडलाच. पुतण्या आला, शेअर उसळला. मी पेढे मागायला गेलो, तर चाचा टीव्ही बंद करून बसलेले.

"अहो चाचा, तो काय तुम्हाला ओळखत होता? कागद बघून विचारत होता."

"ठाऊक हाय रे. मी काय आंधळा हाय?" चाचा गुडघा चोळत म्हणाले. "पर तुझी चाची गेल्यापास्नं, कसा हायेस म्हनून इचारनारा तेवढाच एक व्हता."

त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा मी. पेढ्यांचं नाव काढायचं माझं धाडस झालं नाही.