वाचनालयावर पाणी चालून आले, त्याची हकीकत

समस्त सभासद, माजी सभासद आणि सभासद न होता रोज मासिके चाळून जाणारे, यांचे सेवेसी हकीकत ऐसीजे. तळमजल्याच्या वाचनालयावर गच्चीवरील टाकी फुटोन जो प्रलय गुदरला, आणि चिटणीसबाईंनी शर्थ करून तो परतविला, ते सविस्तर लिहितो. पदरचे घालीत नाही. घातलेच तर थोडके.

ऐसियास, पूर्वी वाळवीने कथाविभाग दरोबस्त फस्त केला, तेव्हा जागेच्या मालकांनी निक्षून सांगितले की, पुन्हा पुस्तके नासली तर खोली खाली करावी. चिटणीसबाईंस हे वर्मी लागले. मुले परमुलखी, यजमान वर्तमानपत्रात गडप; बाईंस आपले म्हणावे ऐसे ठिकाण हेच एक. मग त्यांनी कार्यकारिणीची मसलत बसविली, आणि तजवीज मांडिली की, संकट येताच एकाने दुसऱ्यास फोन करावा, दुसऱ्याने तिसऱ्यास, आणि ऐसी फौज जमवावी. परंतु शेवटचा फोन घेण्यास कोणी राजी होईना, कारण अपमान. आणि पहिला करण्यास कोणी धजेना, कारण चुकले तर खापर आपले माथी. अध्यक्षमहाराज निवृत्त मुख्याध्यापक, मोठे धोरणी. त्यांनी फर्माविले की, साखळीची टोके जोडोन कडे करावे, म्हणजे पहिला कोणी नाही आणि शेवटचाही नाही. सभेने टाळ्या पिटिल्या, चहा झाला, मसलत बरखास्त जाहली.

कड्यात चिटणीसबाईंनी ज्यांस फोन करावा, त्या निघाल्या त्यांच्याच थोरल्या जाऊबाई, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या. सासूबाईंच्या कपाटावरून उभयतांत अबोला पडोन वर्षे लोटली होती. परंतु घरचे भांडण सभेत कसे काढावे, म्हणोन बाई गप्प राहिल्या.

पुढे एके सकाळी टाकी फुटली. पाणी जिना उतरोन वाचनालयात शिरले. खजिनदारांनी खिडकीतून पाहिले, अध्यक्षांनी बाल्कनीतून पाहिले, आणि सर्व सरदार फोन मांडीवर घेऊन, आपणांस केव्हा येतो, याची वाट पाहात शिस्तीने बसोन राहिले. इकडे बाई एकट्या, पदर खोचून, खालच्या फळीवरील चरित्रे टेबलावर चढवीत होत्या. पाणी घोट्यास लागले. तेव्हा त्यांनी थेट अध्यक्षांस फोन केला, तो हुजुरांतून उत्तर आले,

"अहो, मला खजिनदारांनी करायचाय! तुम्ही असा मधेच केलात तर सगळा गोंधळ होईल."

खजिनदारांनीही हेच ऐकविले. आता उरला फोन एकच. अभिमान धरावा तर पुस्तके जातात, आणि पुस्तके धरावी तर नाक जाते. बाईंस पाण्याचे भय नव्हते इतके त्या फोनचे वाटले. मग मन घट्ट करून त्यांनी नंबर लाविला. घंटी पुरती वाजलीही नाही.

"वहिनी, मी बोलतेय. इथे पाणी..."

"दिसतंय मला. चपला घालून बसलेय केव्हाची," जाऊबाई म्हणाल्या. "मला फोन करायला टाकी फुटावी लागली होय गं तुला?"

बाईंस रडू कोसळले. तोवर जाऊबाई जिना उतरतही होत्या, बादली हाती, मुलगा-सून कुमकेस, आणि कानाशी फोन लावोन पुढल्या सभासदास फैलावर घेत. कडे फिरू लागले. खराटे आले, सुपल्या आल्या, मोर्चे बांधिले, आणि पाणी हटत हटत गटारास मिळाले. सरतेशेवटी अध्यक्षांचा फोन चिटणीसबाईंस आला की, वाचनालयात पाणी शिरल्याचे समजते, तरी तातडीने निघावे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. मालक जातीने येऊन फळ्या पाहोन गेले आणि खोली कायम राहिली. आपले पक्षी अध्यक्षांच्या आत्मचरित्राच्या समस्त प्रती, जोडपाने कोणी वाचावयास फाडलीच नव्हती ऐशा, धारातीर्थी पडल्या. कार्यकारिणीने ठराव केला की, विजय केवळ कड्याच्या योजनेने मिळाला, सबब ती जशीच्या तशी चालू ठेवावी. ठरावास उभय जावा हजर नव्हत्या. त्या पंख्याखाली चरित्रे पानोपान वाळवीत बसल्या होत्या, आणि इतक्या वर्षांचे बोलणे काही केल्या सरत नव्हते.