दोन काड्या आणि तीन दगड

सकाळी साडेआठला सोमशेखर सरांनी शिबिरातल्या तीन दगडांच्या चुलीत काटक्यांखाली कापराच्या सहा वड्या सरकवल्या आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मान वळवून बघितलं. पथकातली आठही मुलं बोअरवर दात घासायला गेली होती. बांधावरची एक शेळी तेवढी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिच्यापासून काही धोका नव्हता.

सर बीदर जिल्ह्यातल्या हुलसूरच्या एका मराठी हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला स्काउट घ्यायचे. विज्ञान पगारासाठी आणि स्काउट जिवासाठी, असा एकंदर हिशेब होता. स्काउटच्या अकरा वर्षांत त्यांनी शेकडो पोरांना गाठी मारायला, तंबू ठोकायला आणि सावलीवरून दिशा ओळखायला शिकवलं. पण राज्य पुरस्काराच्या चाचणीत त्यांचं पथक एकदाही पास झालं नव्हतं. दर वेळी घोडं एकाच ठिकाणी पेंड खायचं, ते म्हणजे चुलीपाशी. नियम असा की दोनच काड्यांत चूल पेटवायची. कागद नाही, रॉकेल नाही. एका वर्षी पाऊस आडवा आला. एका वर्षी वारा. एका वर्षी तर एका आज्ञाधारक पोरानं पहिली काडी पाहुण्यांची विडी पेटवून द्यायला खर्च केली आणि दुसरी विझली.

यंदा मुख्याध्यापक वीरभद्रप्पांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं. पथक पास झालं तर ठीक, नाहीतर जूनपासून शुक्रवारचा तास कॉम्प्युटरला जाणार. शाळेत कॉम्प्युटर तीन होते आणि त्यातला एकच चालायचा, पण वीरभद्रप्पांचा शब्द म्हणजे शब्द. तो तास गेला असता तर सरांच्या आठवड्यात काही उरलंच नसतं. बाकीचे दिवस ते शुक्रवारची वाट बघण्यातच घालवत.

आणि नेमकं काल रात्री दंव पडलं होतं. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटक्या, हाताला ओल्या लागत होत्या. सरांचा धीर सुटला. कापूर शोधायला कुठे लांब जायचं नव्हतं. सर लिंगायत, बसवण्णांना मानणारे. गळ्यात इष्टलिंग आणि रोज पहाटे त्याची पूजा. पूजेच्या पिशवीत विभूती आणि कापूर असायचाच. मात्र दगडाच्या देवापुढे सर उभ्या जन्मात वाकले नव्हते. देव माणसानं अंगावर वागवावा, रस्त्यावरच्या दगडात हुडकू नये, हे त्यांचं ठाम मत होतं, आणि वर्गात ते प्रकाशाचं परावर्तन शिकवतानाही मध्येच ऐकवायचे.

नऊ वाजता परीक्षक बसवप्रभु मोटारसायकलवरून आले. बीदरच्या मैलूर भागात त्यांचं घर. थंडीत एवढ्या लांब येऊन त्यांचं नाक लाल झालं होतं. हातात छापील फॉर्म होता. पहिला रकाना 'धार्मिक मूल्ये, दहा गुण' असा, आणि खाली ठळक अक्षरात 'चूल व स्वयंपाक, चाळीस गुण'. आठ जणांपुरतं उप्पीट साडेअकराच्या आत व्हायला हवं होतं.

पथकनायक नागराज चुलीपुढे गुडघ्यावर बसला. त्यानं काडी ओढली, काटक्यांखाली धरली आणि चूल अशी भडकली की नागराज मागच्या मागे बसला. काळा धूर वर गेला आणि सगळ्या माळावर आरतीचा वास सुटला.

बसवप्रभुंनी लाल नाकानं दोनदा वास घेतला. "सर, ह्यो वास कशाचा?"

सरांनी बांधावरच्या शेळीकडे बघितलं. तेवढ्यात त्यांची नजर फॉर्मवरच्या पहिल्या रकान्यावर गेली आणि जीभ आपोआप चालली. "पूजा, सर. चुलीची. अन्न शिजवायच्या आधी आमी पूजा करायला शिकवतोय. धार्मिक मूल्यं."

घरोघरी चूल पुजतातच, तेव्हा बसवप्रभुंना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि फक्त एवढंच विचारलं की, पूजा झाली म्हणता, मग दगडावर काहीच कसं नाही? ते राहून गेलं होतं, असं म्हणत सरांनी पिशवीतली विभूती काढली आणि तिन्ही दगडांवर तीन-तीन बोटं ओढली. एकदा खोटं बोललं की त्याला अंगरखा, टोपी सगळं शिवावं लागतं. मुलांनी शिस्तीत हात जोडले. बसवप्रभुंनीही जोडले आणि मग दहापैकी दहा लिहिले.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण तेवढ्यात नागूबाई दुधाची किटली घेऊन आली.

हा माळ तिच्या नवऱ्याचा, सिद्धाप्पाचा. कोहिनूर गावाच्या शिवेवरचं हे पडीक रान त्यानं तीन दिवस शिबिराला फुकट दिलं होतं. सिद्धाप्पा आता तूर पिकवतो. त्याचा बाप मात्र याच माळावर मेंढरं राखायचा. पोरांच्या चहाला दूध घेऊन आलेली नागूबाई चुलीपाशी येऊन थबकली. विभूती लावलेले तीन दगड, मधे कापराचा जाळ, भोवती हात जोडलेली पोरं आणि बीदरचा साहेब. तिचे डोळे भरून आले.

"बिरप्पा," ती म्हणाली. "सापडला गं माय."

आणि आणलेलं दोन लिटर दूध तिनं मोठ्या भक्तीनं त्या दगडांवर ओतलं. चूल फुस्स करून विझली.

त्याचं असं झालं होतं की सिद्धाप्पाच्या बापानं या माळावर बिरप्पाचे, मेंढपाळांच्या देवाचे, तीन दगड मांडले होते. चार वर्षांमागे रान सपाट करताना जेसीबीनं ते कुठल्या कुठे लोटले आणि तेव्हापासून घरात जे जे वाकडं झालं, ते सगळं त्या हरवलेल्या देवाच्या खात्यावर जमा होत गेलं. एक म्हैस आटली, दुसरी बोअर कोरडी गेली, थोरल्या लेकीचं लग्न मोडलं. नागूबाई रिकामी किटली तिथंच टाकून घराकडे पळत सुटली. अर्ध्या तासात सिद्धाप्पा, भावकीतली वीस-पंचवीस माणसं, एक ढोल आणि परातभर भंडारा माळावर हजर झाला. सर 'अहो, पण', 'ऐका तर' असं काहीतरी बोलत राहिले आणि ढोल वाजत राहिला. भंडारा उधळला तेव्हा सरांची टोपीही पिवळी झाली.

नारळ फोडायचा मान बीदरच्या साहेबांना मिळाला. बसवप्रभु लाजले, नको नको म्हणाले आणि एका घावात नारळ फोडला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. त्यात साहेब मधोमध, सर डावीकडे आणि पुढे भंडाऱ्यात न्हालेली चूल.

घड्याळात साडेदहा वाजले होते. सर परीक्षकांच्या कानाशी लागले आणि आता चूल परत मिळेल का, असं विचारू लागले. बसवप्रभुंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की सरांना स्वतःचीच लाज वाटली. देवाच्या डोक्यावर पातेलं ठेवायचं का? चूल नाही म्हणजे चाळीस गुण नाहीत, ते म्हणाले, त्यांचाही नाइलाज आहे.

सर पेचात सापडले. दगडात देव आहे म्हणावं तर तास गेला. नाही म्हणावं तर कापूर कशाला घातला ते सांगावं लागणार, आणि मग तास गेलाच, अब्रूही गेली. पण चाळीस गुण दोन्हीकडून जातच होते. निदान मुलांना खरं बोलायची जी शपथ घ्यायला लावतो ती आपण पाळावी, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी हात वर केला, ढोल थांबवला आणि घसा खाकरला.

"ह्यो देव न्हाई. ही चूल हाय. काटक्या ओल्या होत्या, म्हणून मी खाली कापूर घातला. मी लबाडी केली. आन् ती झाकायला विभूती लावली."

सिद्धाप्पा पुढे आला. तो रागावला नव्हता, उलट त्याच्या चेहऱ्यावर सरांविषयी माया दाटली होती.

"सर, चार वर्षं आमी ह्याला हुडकायलोत," तो म्हणाला. "येवढ्या माळावर ढीगभर दगड पडलेत. तुमी लबाडी करायला नेमके हेच तीन कामून उचललात?"

"जवळ होते म्हणून."

"जवळ कुणी आणून ठेवलते?"

बावीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस ते तीन दगड पुन्हा मोजू लागला. बायकांमधून 'किती साधा माणूस' असं कुणीतरी म्हणालं आणि ढोल पुन्हा सुरू झाला. दोन म्हाताऱ्या तर सरांच्याच पाया पडून गेल्या.

बसवप्रभुंनी सरांना तंबूच्या आडोशाला नेलं. "तुमी खरं बोललात, लई चांगलं केलात," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मी नारळ फोडलाय. फोटो निघालाय. आता ती चूल होती म्हणून लिहिलं तर साहेबानं चुलीपुढं नारळ फोडला म्हणून बीदरभर हसतील मला. माझाबी इचार करा की." आणि त्यांनी पेन काढून चुलीच्या रकान्यात 'आढळली नाही' असं लिहिलं.

सर मटकन खाली बसले. अकरा वर्षं डोळ्यांपुढून सरकली. जूनपासून शुक्रवारी शेवटच्या तासाला एका कॉम्प्युटरभोवती पन्नास पोरं उभी राहतील आणि आपण स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसू, हे त्यांना स्पष्ट दिसलं. मोहरी तडतडल्याचा वास आला तेव्हा आधी त्यांना तो भासच वाटला.

वास तंबूंच्या मागून येत होता. दोघं मागे गेले. तिथं वाऱ्याची दिशा धरून हातभर लांबीचा चर खणला होता, चरात जाळ होता, जाळावर पातेलं होतं आणि आठही पोरं उप्पीट ढवळण्यावरून भांडत होती. नारळ फुटत असताना, ढोल वाजत असताना ही पोरं कुठे आहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मोठी माणसं पुण्य वाटून घेत असताना ती कामाला लागली होती.

"काड्या किती लागल्या?" बसवप्रभुंनी विचारलं.

"एक," नागराज म्हणाला.

"आन् कापूर?"

"कापूर कामून लागतोय सर? वरचं ओलं साल तासलं की तुराटी आतून कोरडीच ऱ्हायतीय." मग सरांकडे बघून तो म्हणाला, "तुमीच शिकवलात की. घरी मी रोज तसंच आंघोळीचं पाणी तापवतोय."

सरांनी शिकवलं होतं खरं. ऑगस्टमध्ये, फळ्यावर, आकृती काढून. ते आपल्याला स्वतःलाच का आठवलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. आणि नागराजला आठवलं, याचा इतका आनंद झाला की ते त्याची पाठ थोपटतच राहिले. बसवप्रभु मात्र नियमाचे पक्के. जाळ डोळ्यांदेखत लागला पाहिजे, ते म्हणाले. नागराजनं पातेलं उतरवलं, जाळ विझवला, राख बाजूला सारली, चाकूनं चार तुराट्या तासल्या आणि दुसऱ्या एकाच काडीत चूल पुन्हा पेटवली. सकाळची काडी देवाच्या खात्यावर गेली होती, ती कुणी मोजली नाही. परीक्षकांनी 'आढळली नाही' खोडून चाळीसपैकी अडतीस लिहिले. दोन गुण उप्पीटात मीठ जास्त पडलं म्हणून कापले.

पथक पास झालं. ही बातमी सांगायला सरांनी फोन काढला, तेवढ्यात मुख्याध्यापकांचाच फोन आला. फोटो हुलसूरला पोचला होता. वीरभद्रप्पा खुशीत होते. दोन तासांत पुढच्या वर्षीच्या स्काउटसाठी साठ नावं आली होती. देव सापडतोय म्हटल्यावर पोरं पाठवायला कोण नाही म्हणतंय? तास राहिला, ते म्हणाले, वाटलं तर आठवड्याला दोन घ्या.

"सर, पोरांनी एका काडीत चूल पेटवली," सोमशेखर सर म्हणाले. "दंवात. कापराबिगर."

"काडीचं ऱ्हाऊ द्या हो," वीरभद्रप्पा म्हणाले. "देवाला पत्र्याचं छत कधी घालायलेत ते इचारा."

छताची तयारी सुरूच होती. चार वाजता मुलांनी तंबू उतरवून टेम्पोत भरले तेव्हा सिद्धाप्पाची माणसं दगडांभोवती खांबांसाठी खड्डे घेत होती. इकडे स्काउटच्या नियमाप्रमाणे मुलांनी आपला चर बुजवला होता. राखेवर पाणी शिंपडून माती लोटली, वर गवताची ढेकळं जशीच्या तशी बसवली आणि पाचोळा भुरभुरला. सर तपासायला गेले तर त्यांना जागाच सापडेना. नागराजनं बोट दाखवलं तेव्हा कुठे कळलं. असं काम त्यांच्या एकाही पथकानं आजवर केलं नव्हतं, आणि ते बघून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता फक्त खाली जमीन गरम नाही ना, एवढंच बघायचं होतं. सरांनी बूट काढले, मोजे काढले आणि त्या जागी अनवाणी उभे राहिले. तळव्यांना नीट कळेना, म्हणून ते खाली वाकले आणि दोन्ही हात जमिनीला लावून, डोळे मिटून क्षणभर तसेच थांबले.

डोळे उघडले तेव्हा वीस पावलांवर नागूबाई उभी होती. तिची नजर सरांच्या अनवाणी पायांवरून त्यांच्या ओल्या डोळ्यांकडे गेली आणि तिथून त्या रिकाम्या जागेवर स्थिरावली. मग तिनं डोक्यावरची पाण्याची घागर सावकाश खाली ठेवली, पदर सारखा केला आणि कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडत ती पुढे येऊ लागली.

सरांनी बूट उचलले. "पोरांनो," ते म्हणाले, "पटकन टेम्पोत बसा."