अण्णा वाट बघतायत

अण्णा गांगुर्डे गेलेल्या वाटेने परत येत नाहीत. कधीच नाही. घरातून पुढच्या दाराने बाहेर पडले की मागच्या दाराने आत येतात. मागच्या दाराला आतून कडी असली, तर काकू ती काढेपर्यंत तुळशीपाशी उभे राहतात. पुढचं दार सताड उघडं असलं तरी. भाचीच्या लग्नाला मालेगावला गेले ते हमरस्त्याने, आणि परत आले विंचूरवरून, कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रखडत. काकू सांगतात, "आमच्या लग्नात पहिला फेरा झाला तेव्हा ह्यांनी भटजींना विचारलं, आता परत इथूनच का?"

कारण विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं. "केलेलं काम पुन्हा करणं म्हणजे रिवर्क. आपण आयुष्यात रिवर्क होऊ दिलं नाय."

अण्णा ओझरला विमानांच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यासाठी जग अजून दोनच ढिगांत आहे: पास आणि रिजेक्ट. काकूंची आमटी बहुतेक पास. दारावर येणारी कोथिंबीर बहुतेक रिजेक्ट. जावयाबद्दल निकाल राखून ठेवला आहे. "टॉलरन्समध्ये आहे," म्हणजे फरक चालवून घेण्याइतका आहे, एवढंच म्हणतात.

मी सटाण्याकडच्या खेड्यातला. नाशिकला शाळेत नोकरी लागली तेव्हा अण्णांची वरची खोली भाड्याने मागायला गेलो. त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र मागितलं, उजेडाकडे धरलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. आमच्या घरात ते कोणाला वाचता येत नव्हतं. माझ्या वडिलांनी त्याला नुसतं कुंकू लावलं होतं. अण्णांनी तो कुंकवाचा डाग बोटाने चाचपला आणि म्हणाले, "हा फॉल्ट नाय, हा शिक्का आहे. पास. सामान आण." तेव्हापासून मी त्यांचा भाडेकरू कमी आणि ऐकणारा जास्त आहे.

आमच्या कॉलनीमागे वनखात्याची टेकडी आहे. खैर, पळस, करवंदीच्या जाळ्या, मधूनच मोर. वर चढलं की एका बाजूला सातपूरच्या कारखान्यांची छपरं दिसतात आणि दुसऱ्या बाजूला द्राक्षबागा. टेकडीवर पायवाटांचं जाळं आहे आणि त्यांचा नकाशा फाटकाशी फलकावर रंगवलेला आहे. गेल्या थंडीत कॉलनीच्या मॉर्निंग ग्रुपच्या मनीषाताईंनी जाहीर केलं, की रंगपंचमीच्या आत जे या फलकावरच्या सगळ्या वाटा चालतील त्यांना टी-शर्ट मिळेल. बिबट्याची भीती म्हणून नावं जोडीनेच द्यायची.

अण्णांनी आपल्या नावापुढे पगारेकाकांचं नाव लिहिलं. पगारेकाकांना विचारलं नव्हतं.

पगारेकाका म्हणजे एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. अण्णा त्यांना 'ड्रायव्हर' म्हणतात, ते अण्णांना 'इन्स्पेक्टर'. पगारेकाकांचा स्वभाव अण्णांच्या बरोबर उलटा. सगळी नोकरी एका रस्त्याने जाण्यात आणि त्याच रस्त्याने येण्यात गेलेली. "ज्या रस्त्यानं नेलं त्याच रस्त्यानं माणसं घरी आणायची, ह्याला ड्युटी म्हणत्यात," असं ते म्हणत. या दोघांची मैत्री कशी टिकली हे कॉलनीला कोडं होतं. मला वाटतं, दोघांनाही भांडायला दुसरं कोणी मिळत नव्हतं.

थंडीभर त्यांनी टेकडी गाजवली. अण्णा प्रत्येक वाट तपासत. "उतार जास्त. रिवर्क." "इथं पायरी हलते. रिजेक्ट." पगारेकाका वळण आलं की तोंडाने हॉर्न वाजवत. एकदा तर अण्णांना करवंदीत अगदी नवी वाट सापडली. फलकावर नव्हती. दोघे तिच्यावरून मोठ्या डौलाने चालत गेले आणि थेट अण्णांच्या मागच्या दाराशी निघाले. परत येताना वाट बदलायची म्हणून अण्णांनी स्वतःच ती पाडली होती.

"तुझी तूच रिजेक्ट कर आता," पगारेकाका म्हणाले.

असं करता करता एकच वाट उरली. ती पाणवठ्याची.

ही वाट निरगुडीच्या झुडपांतून खाली जाते आणि छोट्याशा डबक्यापाशी संपते. पुढे दगडाची भिंत. म्हणजे गेल्या वाटेनेच परत यायचं. अण्णा वाटेच्या तोंडाशीच थांबले.

"ही वाट नाय. हिला पुढं निघायला जागा नाय. ही चूक आहे. फलक रंगवणाऱ्याची."

"पाण्याला जाती ना? मग झालं," पगारेकाका म्हणाले. "गुरंढोरं रोज जात्यात, रोज येत्यात. ती काय येडी हायेत?"

"ढोरांचं मला सांगू नको. रिजेक्ट."

आता पगारेकाका तापले. "सगळा जन्म तुझा रिजेक्ट करण्यात गेला, इन्स्पेक्टर."

"आणि तुझा एकाच रस्त्यावर."

एवढंच झालं. पण पगारेकाका वळले आणि ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने एकटे घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

अण्णा मात्र रोज पहाटे जातच होते. कोणी घरी येऊन विचारलं, अण्णा कुठे, तर काकू सांगत, "पाणवठ्याकडे गेलेत. वाट बघतायत." कॉलनीभर हशा पिकला. "अजून बघतायत? एवढुशी तर वाट आहे!" मनीषाताई म्हणाल्या, "फलकावर आहे म्हणजे मोजावीच लागेल, अण्णांना सांगा, जास्त बघू नका, चाला." मी काळजीने काकूंना म्हटलं, "तिथे एकटे असतात, बिबट्या आला म्हणजे?" काकू म्हणाल्या, "त्याच्यातही खोट काढतील. जाईल बिचारा निघून."

रंगपंचमी आली आणि गेली. रंगलेल्या तोंडांनी लोकांनी टी-शर्ट घेतले. मला वाटलं, आता अण्णा थांबतील. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढचं दार वाजलं.

त्या दिवशी मीही मागोमाग गेलो. पाणवठ्याच्या वाटेच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे, दोन माणसं आरामात बसतील एवढा. अण्णा त्याच्या अगदी कडेला टेकले होते, अर्धे बाहेर. उरलेला दगड झाडून स्वच्छ केलेला. मी तिथे बसायला गेलो.

"तिथं नको, मास्तर. तू खाली बस."

मी खाली बसलो. अण्णा निरगुडीकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मागे होती, कॉलनीकडून येणाऱ्या रस्त्यावर. सायकलची घंटा वाजली की मान वर व्हायची.

"अण्णा, तुम्ही एकटेच जाऊन या ना आत. संपेल एकदाचं."

"जोडीत नाव दिलंय."

"पण टी-शर्ट तर वाटून झाले."

"टी-शर्ट घालतंय कोण?" अण्णा म्हणाले आणि रुमालाने तो मोकळा दगड पुन्हा एकदा झटकला.

शाळेत जाण्याआधी मी पगारेकाकांकडे गेलो. ते ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. मी म्हटलं, "काका, अण्णा वाट बघतायत."

"म्हाईत हाय," पेपर खाली न घेता ते म्हणाले. "सगळी कॉलनी सांगती. बघ म्हणावं. अजून चार खोटी काढ म्हणावं. मी एक वाट बरोबर म्हटलो, तर महिनाभर तिला तपासतोय! एवढा राग धरायचा माणसानं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतके दिवस सगळ्यांनी एक शब्द गाळून निरोप दिला होता, आणि मीही.

"काका, ती वाट नाही बघत. *तुमची* वाट बघतायत."

पेपर हळूच खाली आला. पगारेकाकांनी त्याची घडी घातली. मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, माझे बूट कुठं ठेवलेत?"

"आता? ऊन झालं की!" आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम लांब उभा राहिलो. पगारेकाका आले. अण्णांनी त्यांना पाहिलं आणि लगेच तोंड निरगुडीकडे फिरवलं.

"लय उशीर," अण्णा म्हणाले.

"गाडी लेट हाय. रद्द नाय," पगारेकाका म्हणाले आणि दगडावर बसले. तेव्हा कुठे अण्णा कडेवरून सरकून नीट बसले.

थोड्या वेळाने दोघे निरगुडीत शिरले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. एकदा हॉर्न मात्र ऐकू आला. मग ते बाहेर आले, आले त्याच वाटेने. पगारेकाका पुढे, अण्णा मागे, मान खाली, पाय जपून टाकत.

"बोल इन्स्पेक्टर," पगारेकाकांनी विचारलं. "पास का रिजेक्ट?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"एका खेपेत कळत नाय असं," ते म्हणाले. "उद्या परत यायला लागंल."