सव्वादोन फेरे

रोज सकाळी ठीक आठ वाजता गुंडूतात्या आपल्या विहिरीवरचं ऑइल इंजिन हाताने फिरवायचे. मोजून सव्वादोन फेरे. चालू करायचे नाहीत, नुसतं फिरवायचे. मग फडक्याने पुसून, हँडल काढून घेऊन घरी जायचे. यात चमत्कारिक काय, असं तुम्ही म्हणाल. चमत्कारिक एवढंच, की त्या विहिरीत सहा वर्षं पाण्याचा टिपूस नव्हता. तळाशी एक बाभूळ उगवली होती आणि ती काठापर्यंत वर आली होती.

मी आटपाडीला पोस्टमास्तर म्हणून बदलून गेलो तेव्हा सोव्हिएत रशिया मोडून दोन-तीन वर्षं झाली होती. रशियाचा आणि माझ्या बदलीचा संबंध काय, ते पुढे कळेलच. मी वाईचा. जन्म कृष्णेच्या घाटावर गेलेला. अशा माणसाला आटपाडीला पाठवणं म्हणजे मासा वाळत घालणं. बायको-मुलं वाईत, मी इथे पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत, आणि खिडकीतून पंचवीस पावलांवर तात्यांची विहीर. पहिल्याच सकाळी 'खाड् खाड् फस्स' असा आवाज आला आणि मी दाढी करता करता गाल कापून घेतला. बाहेर येऊन बघतो तर समोरचा चहावाला शांतपणे घड्याळ लावतोय. "आठ वाजलं," म्हणाला. एसटी स्टँडावरचा कंट्रोलरसुद्धा त्याच आवाजावर घड्याळ लावायचा, हे नंतर समजलं. म्हणजे आमच्या गाड्या ज्या वेळेवर उशिरा सुटायच्या, ती वेळ तात्यांची होती.

मी जाऊन विचारलंच. "तात्या, पाणी नाही तर इंजिन फिरवता कशाला?"

"आवं मास्तर, बंद इंजिन रोज फिरवाय लागतंय. न्हाईतर आतल्या आत धरून बसतंय."

"बरं. मग दोन फेरे ठीक. वर सव्वाचा काय नवस आहे?"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला तिकीट उलटं चिकटवल्यासारखं वाटलं. "रोज एकाच जागी थांबलं तर तितंच गंज धरल की. पाव फेरा जादा दिला म्हंजे रोज नव्या जागी थांबतंय. लय साधी गोष्ट हाय."

गुंडूतात्या नौदलातले. समुद्र सोडा, ज्या गावात ओढासुद्धा उन्हाळ्यात रस्ता म्हणून वापरतात, त्या गावातला हा माणूस क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. बोट रशियन बनावटीची. तीन इंजिनं, एकेका इंजिनाला बेचाळीस सिलिंडर. हा आकडा सांगताना तात्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा व्हायचा. ती इंजिनं शिकायला सरकारने त्यांना काळ्या समुद्रावरच्या एका बंदरात दहा महिने पाठवलं होतं. तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या. एक लोकरीची टोपी, जी आटपाडीच्या उन्हात वर्षातून एकही दिवस घालता येत नसे. दुसरी कामापुरती रशियन भाषा, आणि त्यातले दोन शब्द कायम तोंडात. चांगलं असेल ते 'खराशो', वाईट असेल ते 'प्लोखा'. चहावाल्याचा चहा जमला की खराशो, ग्रामपंचायत कायमची प्लोखा. गावाने हे शब्द इतके उचलले होते, की बाजारात बाया मेथीच्या जुडीलाही प्लोखा म्हणून भाव पाडायच्या.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे नोदार. तो पुढे येतो.

तात्यांच्या खिशात कायम एक लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक मशिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतलं दुखणं ऐकायचे. पिठाची गिरणी, सरपंचाची बुलेट, दिघंचीची एसटी, काही सोडायचे नाहीत. ड्रायव्हर गाडी उभी करून हाक मारायचा, "तात्या, ऐका जरा, लय खोकाय लागलीया." एकदा डॉक्टर रजेवर असताना तात्यांनी एका म्हाताऱ्याच्या छातीलाच स्क्रू ड्रायव्हर लावला आणि "टॅपेट ढिलं हाय, पर गाडी चालंल" असं सांगून टाकलं. तो म्हातारा माझी बदली होईपर्यंत ठणठणीत होता. टॅपेट ढिलंच.

आता रशियाकडे वळतो. रशिया फुटला आणि त्याचे पंधरा देश झाले, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं आणि पान उलटलं. तात्यांनी ते पान उलटलंच नाही. त्यांना एकच घोर. आरमाराची वाटणी कशी झाली? बोटी कुणाला गेल्या? वाचनालयात येणाऱ्या पेपरांतल्या परदेशच्या बातम्या ते बोट ठेवून वाचायचे आणि मग चहाच्या टपरीवर निकाल सांगायचे. ऐकणाऱ्यांना भूगोल कळत नसला तरी वाटणी चांगलीच कळायची.

"थोरल्यानं मोठी जहाजं धरून ठेवली. मधला म्हणतोय बंदर माज्या बांधात हाय, मंग जहाजंबी माजी. आन् धाकटी लेकरं हायती त्यास्नी काय? गस्तीच्या चार जुन्या बोटी. बाल्टिककडच्या तिघांना तर तेवढंबी न्हाई. शेजारनीनं जुनी लुगडी द्यावी तशा शेजारच्या देशांनी आपल्या जुन्या बोटी दिल्यात."

"म्हंजे भावानं मोटार घिऊन हीर ठिवली आमाला, तसंच की," कुणीतरी म्हणायचं.

"तसंच गड्या. एकाकडं बोट हाय, सुटं भाग दुसऱ्याकडं. एकाकडं नळ्या, क्षेपणास्त्र तिसऱ्याकडं. प्लोखा!"

टपरीवर सगळे हळहळायचे. मला हसू यायचं. स्वतःच्या तालुक्याला पाणी नाही आणि यांना काळ्या समुद्राची काळजी! पण ती काळजी समुद्राची नव्हती, नोदारची होती. नोदार त्या बंदरातला इंजिन शिकवणारा मिस्त्री. बंद इंजिन रोज फिरवावं, वर पाव फेरा जादा द्यावा, हे त्याचंच शिकवणं. दोघं मिळून एका हँडलला लागायचे. पुढे वीस वर्षं दोघांची पत्रापत्री चालली, नवीन वर्षाला एक कार्ड इकडून, एक तिकडून. रशिया फुटला, जुन्या पत्त्यावर टाकलेलं कार्ड परत आलं आणि तिकडची कार्डंही थांबली. नोदार ज्या बोटीवर होता ती बोट कुणाच्या वाट्याला गेली आणि बोटीबरोबर नोदार कुठे गेला, हे काही तात्यांना कळेना.

म्हणून तात्या दर महिन्याला एक पत्र टाकायचे. एका महिन्यात एका देशाला, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. आणि रशियन-इंग्रजी दोन्हींत पत्ता काय लिहायचे? मी पाकीट हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. 'नोदार मिस्त्री, इंजिनवाले, बोटीजवळ, बंदर.' खाली देशाचं नाव. झालं.

"अहो तात्या, असा पत्ता असतो का? घर नंबर, रस्ता, काही आहे की नाही?"

"आटपाडीत कुटं हाय घर नंबर? तुमी पत्रं पोचिवताच की."

"आटपाडी आटपाडी आहे हो! ते आरमार आहे!"

"आरमार असलं म्हणून काय झालं? इंजिनाजवळ कुणालाबी इचारलं तर सांगतील की, ह्यो काय नोदार."

पत्रं परत यायची. न वाचता येणाऱ्या अक्षरांचे शिक्के मारलेली, कोपरे मुडपलेली. लाटविया, एस्टोनिया, युक्रेन. तात्या ती घ्यायचे, शिक्का न्याहाळायचे, म्हणायचे, "म्हंजे हितं न्हाई. एक देश कमी झाला." आणि पुढच्या महिन्याचं पाकीट माझ्यासमोर सरकवायचे.

असं सव्वा वर्ष चाललं. एकदा मार्चअखेरची कामं अंगावर, वाईहून मुलाच्या तापाचं पत्र आलेलं, डोकं उठलेलं, आणि तात्या खिडकीत. माझा तोल गेला. "तात्या, अहो तो देश मेला! आणि तुमचा नोदारही मेला असेल! बंद करा हा खेळ आता!"

पोस्टात पाच-सहा माणसं होती. तात्यांनी पाकीट खिशात घातलं आणि निघून गेले. त्यानंतर पंधरा दिवस पोस्टात आले नाहीत. आठ वाजता इंजिनाचा आवाज मात्र यायचा, आणि रोज तो आवाज आला की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटायची.

शेवटी एका रविवारी मीच विहिरीवर गेलो. तात्या इंजिन पुसत होते. मला बघून म्हणाले, "या मास्तर. बसा." राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"हे इंजिन मंडळीचं," ते म्हणाले. "म्या समुद्रावर, ती हिरीवर. वर्सातनं दोन म्हैने सुट्टी. इंजिन कसं चालवायचं ते म्या तिला पत्रातनं शिकिवलं. शाळंतल्या पोरीकडनं वाचून घ्यायची आन् चालवायची. सात एकर भिजवलं तिनं. म्या पेन्शन घिऊन आलो, म्हटलं आता दोघं चालवू. तर तिसऱ्या वर्साला ती गेली, आन् मागनं पाणीबी गेलं."

मी फडक्याचं दुसरं टोक धरून बसलो.

"तुमी म्हणला ते खरं असंल," तात्या म्हणाले. "पर मास्तर, ल्योक पुन्याला, त्याला म्या कोन ते पेन्शनीच्या तारखंला आठवतं. गावाला म्या म्हंजे घड्याळ. माजं काम काय हुतं, ह्ये वळखनारा येकच मानूस राहिलाय जगात. त्यो बी न्हाई म्हटल्यावर मंग माजं काय ऱ्हायलं?"

मी हात पुढे केला. "पाकीट द्या. घरी आहे ना? आणा."

ते आणायला गेले तेव्हा मी विहिरीत डोकावून त्या बाभळीला सगळ्या शिव्या घातल्या, ज्या खरं तर स्वतःला घालायच्या होत्या.

त्या पाकिटावर शेवटच्या देशाचं नाव होतं. पंधरातल्या अगदी धाकट्या भावंडांपैकी एक. पत्ता तोच, 'इंजिनवाले, बोटीजवळ.' मी काहीही न बोलता शिक्का मारला. चार महिने गेले. आणि एका दुपारी सांगलीहून आलेल्या थैलीत एक जाडं पाकीट निघालं. परत आलेलं नव्हे, नवीन. वर तिकिटावर एक छोटी बोट आणि लपेटदार अक्षरं, मला त्यातलं एकही ओळखेना. पण खाली इंग्रजीत 'गुंडू' वाचता आलं. पोस्टमन बाहेर गेला होता. मी टेबलाला कुलूप घातलं, आणि नियम धाब्यावर बसवून पाकीट घेऊन स्वतः धावत सुटलो. पोस्टमास्तर धावताना आटपाडीने पहिल्यांदा बघितला.

तात्यांनी चष्मा तीनदा पुसला. पत्र रशियनमध्ये होतं. ते एकेक शब्द ओठांनी उचलत वाचत गेले आणि मला मराठीत सांगत गेले. नोदार जिवंत होता. आता त्याच्या देशाचं आरमार वेगळं. पूर्वी बंदरात बोटींची गर्दी, आता मोजक्या उरलेल्या. इंजिनवाला मिस्त्री आख्ख्या बंदरात एकच. त्यामुळे टपालवाल्याने पत्र आणून सरळ त्याच्या हातात दिलं.

"बगा!" तात्या ओरडले. "बगा मास्तर! म्हटलं नव्हतं? कुणालाबी इचारा!"

मी हरलो. आयुष्यात कधी हरताना इतका आनंद झाला नाही. आरमार आटपाडीएवढं झालं होतं, म्हणून आटपाडीचा पत्ता पुरला.

पुढचं वाचताना मात्र तात्यांचा आवाज उतरला. बोट धक्क्याला बांधलेली आहे. तेल मिळत नाही. क्षेपणास्त्रांच्या नळ्या रिकाम्या. खलाशी एकेक करून निघून गेले, बायको मुलीकडे दुसऱ्या देशात. नोदार रोज सकाळी आठ वाजता एकटा खाली उतरतो आणि इंजिन हाताने फिरवतो. 'पूर्वी आपण दोघं फिरवायचो,' त्याने लिहिलं होतं. 'आता एकट्याला जड जातं, गुंडू. तू आता कुठल्या बोटीवर असतोस?'

तात्यांनी कागद घेतला, आणि मोठ्या अक्षरांत उत्तर लिहून मला मराठीत वाचून दाखवलं. एवढंच होतं.

'नोदार, माजी बोट हिरीवर हाय. तुज्याकडं पाणी हाय, तेल न्हाई. माज्याकडं तेल हाय, पाणी न्हाई. पर इंजिन तयार पायजे. तू फिरवत ऱ्हा. मीबी फिरवतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला बसलो. आठ वाजले. आवाज आला नाही. सव्वाआठ झाले, नाही. बाहेर चहावाला हातात घड्याळ धरून विहिरीकडे बघत होता, स्टँडावरून कंट्रोलर येताना दिसला. इतक्या वर्षांत न चुकलेला माणूस, आणि कालच एवढा आनंद झालेला. अशा वेळी मनात येतं तेच आलं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी विहिरीकडे पळालो.

तात्या इंजिनाजवळच्या दगडावर बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर ती लोकरीची टोपी, मांडीवर हँडल.

"तात्या! काय झालं? बरं नाही का?"

"काय हुतंय मला? ठणठणीत हाय."

"अहो मग आठ वाजून गेले!"

"हितलं वाजलं," तात्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "तिकडं आठ वाजाय आजून सव्वा तास हाय. त्यो एकटाच फिरवतोय मास्तर. आजपासनं संगट फिरवतो."

मी त्यांच्या शेजारी दगडावर बसलो. नऊला पोस्ट उघडायचं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत ते त्या एका दिवशी उशिरा उघडलं. साडेनऊ झाले तसे तात्या उठले, हँडल बसवलं, आणि किंचित सरकून एका हाताची जागा मोकळी ठेवून उभे राहिले. ती जागा माझ्यासाठी नव्हती, हे मला कळत होतं. मी बसूनच राहिलो आणि फेरे मोजले. सव्वादोन झाले.