पसाभर कोंड्याचं लेकरू

नेम पाळावा तर मी! सोमवार असो की संकष्टी, आजवर एकही मोडलेला नाही. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

माझी पहिली दोन लेकरं देवानं नेली. तिसरं झालं तेव्हा सासूबाईंनी त्याला सुपात घालून शेजारच्या गुरम्माला पसाभर कोंड्याला विकलं. परक्याचं लेकरू म्हणून यम फसतो म्हणे! वाढवायचं मीच, पण पाच वर्षं भरेतो 'माझं' म्हणायचं नाही. नाव कोंडू. तो मला 'काकू' म्हणे आणि गुरम्माला 'अव्वा', म्हणजे आई.

त्याचं चौथं वर्ष सरत आलं आणि तापानं कोंडूची छाती भरली. श्वास लोहाराच्या भात्यासारखा! यजमान कामानिमित्त हदगावला. मी त्याला पदरात गुंडाळून आमच्या नांदेडचाच सरकारी दवाखाना गाठला. तिथं फक्त लेकरांना तपासणारे डॉक्टर हैदराबादेहून नवेच आले होते. त्यांनी आधी कोंडूला औषध पाजलं, मग मला विचारलं,

"कुणाचं लेकरू?"

"शेजारणीचं."

"त्याची आई कुठंय?"

"घरी. भाकरी करून राहिलीय."

"इथं लेकराचा जीव चाललाय आणि आई भाकरी थापते? तुमच्याकडं कसं मग हे?"

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेमच! मी हळूच म्हणाले, "तिला विकलं होतं."

"विकलं? कुणी?"

"सासूबाईंनी."

"केवढ्याला?"

"पसाभर कोंड्याला."

डॉक्टरांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "चौकीदार! दरवाजा लावून घे! या बाईला सोडू नको!"

तेवढ्यात कोंडू क्षीण आवाजात म्हणाला, "काकू, पाणी..." झालं! डॉक्टरांची खात्रीच पटली.

'माझं आहे हो!' एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. शब्द ओठापर्यंत आला. पण लेकराची छाती खालीवर होत होती. मी ओठ घट्ट मिटले.

डॉक्टरांनी माझ्याकडून पत्ता घेऊन चौकीदाराला धाडलं. त्यानं गुरम्माला पिठाच्या हातानिशी आणलं.

"हे लेकरू तुमचं?"

"माझंच हाय!" गुरम्मा कडाडली. "त्या काकूला कशाला धरलं? लई भली बाई हाय ती!"

"विकत घेतलं?"

"हाव! सुपासकट!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आईनं आत थांबायचं. बाकीच्यांनी बाहेर!"

गुरम्मा खाटेपाशी गेली आणि मी पायरीवर. आत कोंडू खोकला की बाहेर मी उभी राही, खोकला थांबला की त्याहून जास्त घाबरे. गुरम्मा खिडकीतून हात हलवी, "हाय, हाय, श्वास हाय!"

अखेर ताप उतरला. डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. "वाचलं लेकरू!"

मी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच.

"अहो, आत त्याची आई हसून राहिली, आणि तुम्ही कशाला रडता? लेकरू काय तुमचं आहे?"

"नाही हो," मी म्हणाले, आणि लोकाच्या लेकरासाठी पायरीवर बसून पोटभर रडले.